थुंकी झेलणारी

थुंकी झेलणं म्हणजे काय, ते मला विचारा.
दोन वर्षं त्याचाच पगार खाल्ला.
गाडीच्या डिकीत बर्फाची पेटी, तीनशे नळ्या,
प्रत्येक नळीवर निळी रेघ:
इथपर्यंत भरा, फेस मोजू नये.

केप टाउन सोडून उत्तरेला लागलं की तोंडं कोरडी पडत जातात.
तिकडं चार वर्षं पाऊस नाही,
माणसं थुंकीसुद्धा जपून वापरतात.
सूचनांच्या कागदावर होतं: लिंबाचं चित्र दाखवा.
गामात डेव्हिड्सला मी ते शहरातच दाखवून पाहिलं होतं.
तो म्हणाला, बाई, चित्रातलं लिंबू चित्रातल्या माणसाला द्या.
तेव्हापासून मी विचारायला लागले,
तुमची आई काय रांधायची?

गामात म्हणाला, चिंच.
चिंचेच्या कोळात शिजलेलं मटण, तमालपत्र, लवंग,
रविवारी पहाटे पाकातून निथळणारे कूसिस्टर,
वर खोबऱ्याचा कीस,
आणि बशी घेऊन शेजारपाजारी पळणारा तो.
बोलता बोलता नळी भरली.
चिंच या किनाऱ्यावर कुणी आणली, त्याला ठाऊक नव्हतं.
नळीला असावं.

पूर्वेला कोल्सबर्गमध्ये हेन्री प्लाटचीस.
लोकरीच्या गोदामात गठ्ठे बांधतो.
त्याच्याकडं मक्याचे कांडलेले दाणे, घेवडा, रात्रभर मंद जाळ.
आजी त्याला दुसऱ्याच नावानं हाक मारायची,
नावाच्या मधोमध जीभ टाळ्यावरून सुटून टक् वाजायची.
त्यानं करून दाखवलं. जमलं नाही.
माझ्या मनगटावर शिंतोडा उडाला.
तोही घ्या, म्हणाला, नाव त्यातच असेल.

आणि नामाक्वालँडमध्ये टांट मीटा बूयसेन.
पत्र्याच्या दारात, शेळ्यांकडं तोंड करून.
नळी तिनं उजेडात धरली, उलटी केली, हुंगली.
मागच्या वेळी पेन्सिल होती, म्हणाली.
केसांत खुपसायचे. गळून पडली तर गोरी,
अडकली तर आमच्यासारखी.
माझी अडकली. लेनीची पडली.
एकाच आईच्या कुशीतल्या दोघी,
ती रुळांपलीकडं राहायला गेली
आणि पुढं दुकानात भेटली तरी साखरेकडं बघायची.
आता ही नळी.
मोजून झालं की घर बदलायला लावणार का?

नाही, मी म्हणाले.
नाहीच म्हणायचे तेही.

बराच वेळ शेळ्याच बोलत होत्या.
मग तिनं आपणहून सांगितलं:
राखेत भाजलेली भाकर,
हातावर घेऊन तीनदा फुंकर,
वर मेंढीच्या शेपटीची चरबी.
नळी रेघेच्या वर गेली.

प्रयोगशाळेत नकाशा छापून आला.
आम्हा सगळ्यांना सरकारी कागदावर एकच शब्द, एकच शिक्का,
नकाशावर मात्र रंग जागोजाग सरकत गेलेला.
उत्तरेला गडद, वाळूतले माग वाचणाऱ्यांचा,
किनाऱ्याला बंगाल, मलबार, जावा,
पूर्वेला गुरं राखणाऱ्यांच्या टेकड्या,
आणि कुठं पातळ कुठं दाट, सगळीकडं हॉलंड.
आयांच्या वाटेनं मागं गेलं तर बहुतेकदा वाळू लागते.
बापांच्या वाटेनं गलबतं.
दोन वाटा जिथं भेटल्या तिथं काय घडलं,
कुणी कुणाला विचारलं होतं का,
ते थुंकीत उतरत नाही.

माझं आडनाव फेब्रुवारी.
ज्या महिन्यात विकला तोच महिना, आजोबा सांगायचे.
माझी नळी मी अजून भरलेली नाही.
आई मासळीच्या कारखान्यातून यायची ती पाव आणि डब्यातला मुरंबा घेऊन.
तोंडाला पाणी सुटत नाही.

निघताना मीटानं एकच मागितलं होतं:
लेनीची नळी मिळाली तर माझ्याशेजारी ठेव.
मी यादी तीनदा चाळली. नावंच नाहीत, नुसते आकडे,
आणि रुळांपलीकडच्या लोकांना आमच्या यादीत कुणी धरलेलंच नव्हतं.

फ्रीजरमध्ये एकशे बेचाळीसच्या शेजारचं घर
मी रिकामं ठेवलंय.
नोंदवहीत कारण लिहावं लागतं.
लिहिलं: नळी वाटेत आहे.